पंपाआधी गाळणी

साहित्य मंडळाच्या अंकात डिझेल फिल्टरवर लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. संपादक ताईंनीही हेच विचारलं. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एखादी जुनी डिझेल गाडी आहे, आणि काहींच्या घरची चूल त्या गाडीवरच पेटते. आमच्या घरची तरी पेटते. पप्पा सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या लोकांची ने-आण करतात. त्यामुळे गाडी बंद पडली की आमच्याकडे फक्त गाडी बंद पडत नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला निघालो होतो. सिकंदराबादहून पहाटे निघालो, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा मागे टाकलं. नळदुर्गच्या अलीकडे एका चढावर गाडीने मान टाकली. आधी पिकअप गेला, मग दोन-तीन झटके बसले आणि इंजिन बंद. दहा मिनिटं थांबलो, स्टार्टर मारला, तर सुरू! पुढचा चढ आला की पुन्हा तेच. आजी मागच्या सीटवर जपमाळ घेऊन बसली होती. तिची माळ तीनदा पूर्ण झाली, पण आम्ही यात्रेच्या मिस्सेला काही पोचलो नाही.

रस्त्यातल्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "हाय प्रेशर पंप गेला. चाळीस हजार धरा." पप्पा काही बोलले नाहीत. माझी शेवटच्या वर्षाची फी भरायची होती, आणि ते दोन्ही आकडे शेजारी मांडून बघत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कशीबशी गाडी हैदराबादला परत आणली आणि मुशीराबादच्या एका जुन्या उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "पंप कायकू बदलते? पैले छन्नी देखो." पप्पांनी नवीन पंपाचं नाव काढलं तेव्हा त्यांचं एकच उत्तर, "नक्को." दख्खनीतला हा 'नक्को' आपल्या मराठी 'नको'चाच सख्खा भाऊ. पण त्या दिवशी तो शब्द मला जितका गोड वाटला तितका कुठल्याही भाषेत वाटला नसता.

डिझेल टाकीतून इंजिनपर्यंत कसं जातं?

उस्ताद काय बघत होते ते कळायला आधी हा रस्ता समजून घ्यावा लागेल. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. म्हणजे सगळी मदार त्या फवाऱ्यावर. किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती बारीक थेंबांत!

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वीपणे चाललं, पण त्यात डिझेल आत ढकलायला दाबाखालच्या हवेचं अवजड यंत्र लागायचं. गाड्यांना परवडेल असा इंधनपंप बॉशने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, आणि मग डिझेल इंजिन ट्रकमध्ये रुळलं. भारतात हे काम १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या मायकोने केलं. नाशिकचं मायको सर्कल ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नाव नवीन नाही. तिथल्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनतात.

आमच्यासारख्या कॉमन रेल गाडीत हा रस्ता असा आहे: टाकी, मग रबरी पाइप, मग फिल्टर, मग हाय प्रेशर पंप, मग रेल नावाची जाड नळी आणि शेवटी इंजेक्टर. उरलेलं डिझेल वेगळ्या पाइपने टाकीत परत जातं. हाय प्रेशर पंपाचा दाब किती? पहिल्या कॉमन रेल गाड्यांत साधारण १३५० बार होता, आता २००० च्याही वर जातो. आपल्या कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज घ्या.

एवढा दाब तयार करायचा तर पंपाच्या आतल्या भागांमध्ये फट जवळजवळ नसतेच. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. कॉमन रेलचा फिल्टर दोन ते पाच मायक्रॉनचे कणसुद्धा अडवण्यासाठी बनवलेला असतो. डोळ्याला न दिसणारा कणही या पंपाला वाळूसारखा घासतो.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. या पंपाला वेगळं ऑइल नसतं. डिझेल हेच त्याचं वंगण. त्यामुळे डिझेल कमी पडलं, त्यात हवा शिरली किंवा पाणी शिरलं, तर पंप कोरडाच घासला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आणलं. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून कंपन्यांना त्यात वंगणासाठी वेगळं द्रव्य मिसळावं लागतं. पाणी मिसळलं की हा सगळा हिशोब बिघडतो.

आमच्या गाडीत काय निघालं?

उस्तादांनी फिल्टरच्या पुढे पारदर्शक पाइपचा एक तुकडा जोडला आणि इंजिन सुरू केलं. पाइपमध्ये डिझेलबरोबर बुडबुडे पळताना दिसले. मग फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून डिझेल काचेच्या बाटलीत काढलं. तळाला पाणी होतं, आणि पाणी व डिझेल यांच्यामध्ये काळपट शेवाळासारखा थर. टाकीत पाणी साचलं की त्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि असा चिकट गाळ तयार होतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या दमट हवेचंही पाणी होतं.

मग बुडबुडे कुठून? आमच्या गाडीच्या टाकीत पंपच नाही. हाय प्रेशर पंपाला जोडलेला छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. स्ट्रॉने ऊसाचा रस ओढतो तसं. स्ट्रॉला चीर असेल तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. टाकीजवळच्या जुन्या रबरी पाइपला बारीक तडा गेला होता. खाली डिझेलचा एक थेंब पडत नव्हता, म्हणून कुणाला संशय आला नाही. एकीकडे फिल्टर तुंबलेला, त्यामुळे ओढ जास्त, आणि ओढ जास्त म्हणून तड्यातून हवाही जास्त. चढावर इंजिन जास्त डिझेल मागायचं आणि नेमकी तेव्हाच गाडी मान टाकायची. हाय प्रेशर पंप शाबूत होता.

अपग्रेड म्हणजे नक्की काय केलं?

पप्पांचा पुढचा प्रश्न साहजिक होता: "आता उघडलंच आहे तर मोठा पंप टाकू या का? ताकद वाढेल."

वाढत नाही! किती डिझेल फवारायचं हे गाडीचा कंप्युटर ठरवतो. मोठ्या पंपाने जास्तीचं आणलेलं डिझेल परतीच्या पाइपने टाकीत जातं, बस. उलट पुढच्या भागाला झेपत नाही इतका दाब दिला तर सील फुटू शकतात.

आम्ही केलं ते इतकंच. टाकी उतरवून साफ केली. जुने पाइप काढून डिझेलसाठीच बनवलेले नवे पाइप आणि क्लॅम्प टाकले. टाकीनंतर पाणी वेगळं करणारा जाड जाळीचा एक फिल्टर बसवला, ज्याच्या तळाला पाणी काढायचा कॉक आहे. त्यानंतर कमी दाबाचा छोटा इलेक्ट्रिक पंप, मग गाडीचा मूळ बारीक फिल्टर, नवा कोरा. आता हाय प्रेशर पंपाला डिझेल ओढावं लागत नाही, ते त्याच्या दारात पोचतं.

ही कल्पना काही मुशीराबादची खास नाही. अमेरिकेतल्या ड्युरामॅक्स इंजिनाच्या पिकअप ट्रकना २००१ पासून २०१६ पर्यंत टाकीत पंप नव्हता, आणि तिथले हौशी मालक बाहेरून असाच पंप व फिल्टर बसवून घ्यायचे. २०१७ पासून कंपनीनेच टाकीत पंप द्यायला सुरुवात केली.

उस्तादांकडून शिकलेल्या आणि मी वहीत लिहून ठेवलेल्या काही गोष्टी:

• इलेक्ट्रिक पंप रिले आणि फ्यूजमधूनच जोडायचा, आणि इंजिन बंद पडलं की तोही बंद झाला पाहिजे. नाहीतर अपघातात पाइप तुटला तरी पंप डिझेल ओतत राहील.

• बारीक फिल्टर नवा बसवताना त्यात वरून डिझेल ओतून भरू नये. ते न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला जाऊ शकतं. हातपंपाने किंवा इलेक्ट्रिक पंपानेच भरावा.

• इंजिन चालू असताना रेलचे पाइप सैल करायचे नाहीत. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जुन्या गाड्यांवर चालणारी ही युक्ती इथे हात घालवेल.

• गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काही करू नका, कंपनीचाच फिल्टर वेळेवर बदला. आणि आरसी बुकातली माहिती बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. फिल्टरने आरसी बदलत नाही, पण उद्या कुणी इंजिनच बदलून देतो म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

• पावसाळ्यात महिन्यातून एकदा कॉक उघडून पाणी काढा. टाकी शक्यतो अर्ध्याच्या खाली नेऊ नका.

शेवटी

सगळा खर्च नऊ हजारांच्या आत आटोपला. माझी फी वेळेवर भरली. गाडीची ताकद वाढली का? नाही. ती होती तेवढी परत आली. पप्पांना सुरुवातीला थोडी निराशाच झाली, कारण इतकं करून गाडी आधीसारखीच चालते! पण मग एका रविवारी ते स्वतःच म्हणाले, "आधीसारखी चालते, हेच तर पाहिजे होतं."

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी कॉक उघडायचं काम माझ्याकडे आहे. बाटली उजेडात धरायची आणि तळाला पाण्याची रेघ दिसते का बघायची. गेल्या दोन महिन्यांत दिसली नाही. आजीने यंदाच्या यात्रेसाठी पिशवी आत्तापासूनच भरायला घेतली आहे.