समुद्राची सुट्टी

पावसाळा आला की बोर्डी, झाई, डहाणूच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवतात. समुद्र खवळलेला असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. या दिवसांत पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात. गाभोळीची मासळी धरली तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? शेतकरी बियाणे राखून ठेवतो. बी खाऊन टाकले तर पेरणार काय? समुद्राचेही तसेच आहे.

म्हणून सरकार पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी करते. २०२५ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस होती.

मग दोन महिने खायचे काय? आपल्या वाडवडिलांनी याचे उत्तर कधीच शोधून ठेवले आहे. ते म्हणजे वाळवण.

बोंबलाचेच पाहा. ताज्या बोंबलात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. म्हणून तो लवकर नासतो. पावसाळा सरला, कडक ऊन पडू लागले, की किनाऱ्यावर बांबूचे मांडव उभे राहतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी आडव्या बांबूवर टांगायची. मीठ लावावे लागत नाही. ऊन आणि वारा पाणी ओढून घेतात. पाणी गेले की मासळी कुजत नाही, महिनोन् महिने टिकते. आणि सत्त्व उरते. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या मुलांना ती फार लागतात.

हीच मासळी आठवड्याच्या बाजारातून तलासरीकडच्या पाड्यांवर जाते. तिथे नाचणीची भाकरी असते, आणि पावसात रानात शेवळे, टाकळा, कुर्डू उगवतात. शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून त्यात आंबट काकडे घालतात. समुद्र आणि डोंगर असे एकाच ताटात येतात. आपल्या भागातला चिकूही भरपूर आला की काहीजण त्याच्या चकत्या करून वाळवतात. फळ वाया जात नाही.

पण वाळवणाला ऊन लागते. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मे रोजीच पोचला. अशा अवेळी पावसात मांडवावरची मासळी भिजते, बुरशी धरते. मग ती खताच्याच कामाची. बाई दिवसभर राबते आणि हाती काही लागत नाही. म्हणून आभाळ भरून आले की मासळी झाकायची सोय हवी.

आपण घरी काय करावे? पावसाळ्याची सुकी मासळी एप्रिलमध्येच घेऊन ठेवा. घेताना हाताने पाहा. ओलसर, पिवळट किंवा कुबट वासाची घेऊ नका. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. अधूनमधून ऊन दाखवा. आणि बाजारात बोटाएवढी पापलेटाची पिल्ले दिसली तर स्वस्त म्हणून घेऊ नका. पापलेट हा २०२३ पासून आपला राज्यमासा आहे. पिल्लू वाढले तर अंडी घालील. घेणाराच नसेल तर धरणारा कशाला धरील?

समुद्राला दोन महिने सुट्टी मिळाली तर उरलेले दहा महिने तो आपल्याला पोसतो.