घरांत ठेवलेल्या अस्थि

मनुष्य निवर्तल्यावर त्याच्या देहाचा जो शेवटचा अंश उरतो, त्याविषयीं घरच्यांच्या मनांत माया आणि संकोच या दोन्ही भावना एकदम नांदतात. नवी मुंबईंतील सीवूड्ससारख्या वस्तींत हा प्रश्न वारंवार उभा राहतो. तेथील सदनिकांना मागलें परसूं नाहीं. मुलगा परदेशीं असतो, नाशिकचें जाणें लांबणीवर पडतें आणि अस्थिकलश कपाटावर राहतो. सांजवात लावतांना नजर तिकडे जाते व मन चरकतें.

ही अस्वस्थता वेडेपणा नव्हे. तिचें मूळ आपल्या आचारांत आहे. अस्थि सामान्यतः तिसऱ्या दिवशीं गोळा करावयाच्या आणि दहा दिवसांच्या आंत विसर्जित करावयाच्या, असा परिपाठ आहे. विलंब होणार असेल तर अस्थींचें मडकें घरांत न आणतां बाहेर झाडाला टांगून ठेवीत. अस्थि या वाटेवरच्या, मुक्कामाच्या नव्हेत, हा त्यामागील भाव. निघालेला पाहुणा उंबऱ्यांत खोळंबला म्हणजे घरच्यांना चैन पडत नाहीं, तसेंच हें आहे.

यांत भयाला मात्र जागा नाहीं. चितेच्या उष्णतेंत रोगजंतु टिकत नाहींत. मागें राहतें तें मुख्यतः हाडांतील चुना व स्फुरद यांचें क्षार. कलश घरांत असल्यानें कोणाच्या प्रकृतीला अपाय होत नाहीं.

थोरांच्या अस्थींनाही असा विलंब घडला आहे. 1948 सालीं महात्मा गांधींच्या अस्थि देशभर पाठविण्यांत आल्या. त्यांतील एक कलश एका कुटुंबाकडे राहिला व पुढें मुंबईच्या मणिभवन संग्रहालयाकडे आला. तो तेथें जतन करावा असा विचार होता. परंतु गांधींच्या वंशजांनीं विसर्जनाची इच्छा प्रकट केली. 30 जानेवारी 2008 रोजीं, साठाव्या पुण्यतिथीस, त्यांची पणती नीलमबेन पारीख यांनीं गिरगांव चौपाटीलगतच्या समुद्रांत त्या विसर्जित केल्या. साठ वर्षांच्या विलंबानें त्या कार्याचें मोल उणें झालें नाहीं.

उलटपक्षीं, अस्थि जतन करणें हाही एक पवित्र मार्ग आहे. दादरच्या चैत्यभूमीवरील स्तूपांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थि आहेत. बौद्ध परंपरेंत स्तूप हें स्मरणाचें स्थान होय. तेथें अस्थींना त्यांचें निश्चित स्थान लाभलें आहे, म्हणून कोणाचें मन अस्वस्थ होत नाहीं.

तेव्हां मनाला टोचतो तो कलश नव्हे, टोचतो तो अनिश्चय. घरच्यांनीं एकत्र बसून दिवस व ठिकाण ठरवावें. परदेशस्थ मुलाला तो दिवस कळवावा. तोंवर कलश झांकून, उंच व स्वच्छ जागीं ठेवावा. सीवूड्सला खाडी जवळ आहे, तरी तिवरांच्या चिखलांत कलश टाकूं नये. वाहत्या, खोल पाण्यांत केवळ अस्थि सोडाव्या, कापड व प्लास्टिक परत आणावें. उरलेली थोडी राख झाडाखालीं घालावयाची असल्यास ती पुष्कळ मातींत मिसळावी, कारण तिच्यांतील क्षार रोपाला सोसत नाहींत.

दिवस ठरला कीं कपाटावरचा कलश भिववीत नाहीं. तो केवळ निरोपाची वाट पाहत असतो.