धरणाची नाडी

अकोल्यातली गृहिणी सकाळी नळाखाली भांडे लावते, तेव्हा हे पाणी आले कुठून, असा प्रश्न तिच्या मनात सहसा येत नाही. ते येते बार्शीटाकळी तालुक्यातल्या महानहून. वाशीमकडून येणारी काटेपूर्णा नदी तिथे अडवली आहे. धरण तुडुंब भरले की त्यात वापरण्याजोगे सुमारे 86 दशलक्ष घनमीटर पाणी असते.

वर्षभराची ही बेगमी. पण श्रावण-भाद्रपदात तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो. दरवाजे लवकर उघडले, तर उन्हाळ्याचे पाणी वाहून जाते. उशीर झाला, तर एकदम मोठा लोंढा सोडावा लागतो. आणि खालच्या काठाला माणसे असतात, गुरे असतात, कपाशीची शेते असतात. म्हणून पाण्याचा आकडा हवा, आणि तो आत्ताचा हवा. शिळा आकडा शिळ्या भाकरीपेक्षाही वाईट. भाकरी निदान खाता तरी येते!

पूर्वी हे काम मोजपट्टी, वही आणि बॅटरी घेऊन पावसात उभा राहणारा चौकीदार यांच्यावर चाले. आता त्याच्या जोडीला यंत्रे आली आहेत. एक यंत्र वरून पाण्याकडे रडारच्या लहरी सोडते आणि त्या परतायला लागलेल्या वेळावरून पातळी ओळखते. दुसऱ्यात दोन चिमुकल्या वाट्या असतात. ठरावीक पाऊस साठला की एक कलंडते, दुसरी पुढे येते. जितक्या कलंडी, तितका पाऊस. हे आकडे उपग्रहामार्फत किंवा मोबाइलमार्फत दूरच्या सर्व्हरकडे जातात. तिथे केवळ पातळी नव्हे, तर ती किती वेगाने चढते आहे हेही पाहिले जाते. मर्यादा ओलांडली की इशारा!

आपल्या राज्यात 2005 च्या महापुरानंतर कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत अशा स्वयंचलित यंत्रांचे जाळे उभारले गेले. तरी 2019 साली सांगली-कोल्हापूर पुन्हा पाण्याखाली गेलेच. यंत्र पूर अडवीत नाही, ते फक्त वेळ मिळवून देते. त्या वेळाचे मोल पुणेकरांना विचारावे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते काही तास थोपवले होते, म्हणून काळोखात यायचे पाणी दिवसाउजेडी आले. त्या तासांनी कितीतरी जीव वाचवले.

मात्र एक गोष्ट विसरू नये. यंत्र बिघडते, बॅटरी उतरते, वीज पडते. मग आकडा बदलतच नाही, आणि पडद्यावर सारे आलबेल दिसते! म्हणून चांगल्या व्यवस्थेत यंत्राच्या मौनालाही घंटा बांधलेली असते. ठरल्या वेळी निरोप आला नाही, तर पाणी वाढल्याइतकीच धावपळ व्हायला हवी. घरात पाळण्यातले मूल फार वेळ गप्प राहिले, की आई हातातले काम टाकून उठतेच ना? तसेच हे.

आणि घंटा वाजल्यावर उठणारे माणूसही हवेच. ऐन पावसाळ्यात, आपण पांघरूण ओढून झोपलेलो असताना, कुणीतरी असे जागे असते. यंदा दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी तापत ठेवाल, तेव्हा त्या जागणाऱ्याची एकदा आठवण करा.