वार्धक्यातील सवयी आणि उत्पन्नाचा ताळेबंद

उतारवयात प्रकृती सांभाळणे हे ज्याच्या त्याच्या संयमावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या हिशेबात उत्पन्नाची बाजू बहुधा नोंदलीच जात नाही. ती नोंदली, की ताळेबंद बराच बदलतो.

मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूचे सेवन व कमी वजन गरीब थरांत अधिक, तर स्थूलता संपन्न थरांत अधिक, असे त्यातून दिसते. म्हणजे दोष दोन्ही बाजूंस आहेत; प्रकार मात्र निराळे.

ही विषमता मोजण्याची रीत व्यापाऱ्यास सहज उमगावी अशी आहे. सर्वांत गरिबापासून सर्वांत श्रीमंतापर्यंत माणसे क्रमाने मांडावयाची आणि एखादी सवय कोणाकडे किती आहे, याची बेरीज करीत जावयाचे. ती सर्व थरांत सारखी असल्यास निर्देशांक शून्य येतो; गरिबांकडे एकवटली असल्यास उणे, श्रीमंतांकडे एकवटली असल्यास अधिक.

उणे आकड्यामागे केवळ अज्ञान नसते. तंबाखूने भूक मंदावते, थकवा तात्पुरता विसरला जातो. म्हणून हमालाच्या कमरेस चंची असते आणि खेड्यातील वृद्धा मिश्री सोडीत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाची तपासणी विनामूल्य होते. परंतु तेथे रांगेत उभे राहिल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या वृद्धास मिळणाऱ्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा दरमहा अवघा २०० रुपये आहे. सत्तरीपुढील सर्वांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांचे संरक्षण आले, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. आजार टाळण्यासाठी लागणारी फळे, भाजी व विश्रांती त्यात येत नाही.

अधिक आकड्याची बाजू पेढीवरच्या गादीवर दिसते. दिवसभराची बैठक, दारात वाहन, सणासमारंभांतील तूप-साखर. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, तरीही तो राहून जातो.

एकाच दुकानाच्या उंबरठ्याच्या आतबाहेर हे दोन्ही आकडे एकत्र नांदतात. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानास ग्रॅच्युइटीचा कायदा सहसा लागू होत नाही. त्यामुळे तीस वर्षे पोती वाहिलेल्या माणसाचे वार्धक्य मालकाच्या इच्छेवरच राहते. त्याला वर्षातून एक दिवस भरपगारी तपासणीस पाठविणे आणि त्याच्या नावे दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवणे, हा वार्षिक खर्चात सहज बसणारा आकडा आहे. संयमाचा उपदेश करण्यापूर्वी ही नोंद वहीत झाली पाहिजे.