संकेतस्थळाचे काम आणि त्याचे मोल

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णा नदीच्या परिसरात वसलेले जाफराबाद हे तालुक्याचे गाव. कापूस आणि सोयाबीन ही या भागातील शेतकऱ्यांची नेहमीची पिके. तालुक्याची सीमा ओलांडली की विदर्भातील बुलढाणा जिल्हा लागतो. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातून जे तालुके नव्या जिल्ह्यात आले त्यांत जाफराबादही होता. त्या काळी तालुक्याच्या गावी स्वतंत्र व्यवसाय करणारे म्हणजे वकील, डॉक्टर, छायाचित्रकार, छापखानावाले आणि शिंपी. आज त्यांच्या जोडीला संगणकावर काम करणारा एक नवा व्यावसायिक आला आहे. कोणाच्याही नोकरीत नसलेला, घरी बसून शाळा, दुकाने, पतसंस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची संकेतस्थळे तयार करून देणारा वेब डिझायनर किंवा वेब डेव्हलपर तो हाच.

शिंप्याची शिलाई किती आणि छापखान्यात हजार पत्रकांना किती पडतात, हे गावात सर्वांना ठाऊक असते. संकेतस्थळाचे तसे नाही. एकाच कामासाठी कोणी पाच हजार रुपये सांगतो, तर कोणी पन्नास हजार. काम देणाऱ्याला यातले खरे कोणते हे कळत नाही आणि काम करणाराही पुष्कळदा अंदाजानेच आकडा सांगतो. या अंदाजाचे परिणाम दोघांनाही भोगावे लागतात. म्हणून हा दर कसा ठरतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

साधने विनामूल्य, श्रम नव्हेत

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी विकसित केलेले वेबचे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांना मुक्तपणे वापरण्यास खुले करण्यात आले. संकेतस्थळे उभारण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी वर्डप्रेस ही प्रणालीही २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. त्यामुळे ‘सर्व काही फुकट मिळते, मग पैसे कशाचे?’ असा प्रश्न विचारला जातो. परंतु नदीची वाळू आणि गावची माती फुकट मिळाली, तरी गवंड्याची मजुरी द्यावीच लागते. संकेतस्थळाचे मूल्य मुख्यतः त्यावर खर्ची पडलेल्या कुशल वेळेचे असते.

या वेळेचा कोणताही शासकीय दर ठरलेला नाही. व्यावसायिकांनी संघटना करून सर्वांसाठी एकच दर ठरवावा, अशी सूचना कधी कधी पुढे येते. तथापि, स्पर्धकांनी आपसांत किमती निश्चित करणे हे स्पर्धा अधिनियम, २००२ नुसार आक्षेपार्ह ठरू शकते. तेव्हा प्रत्येकाने आपला दर आपल्याच हिशेबातून काढणे, हाच मार्ग उरतो.

तासाचा हिशेब

हा हिशेब सोपा आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे मांडावेत.

एखाद्या व्यावसायिकाला घरखर्चासाठी वर्षाला २,४०,००० रुपये लागतात असे समजू. ६०,००० रुपयांचा संगणक चार वर्षे चालला, तर त्याचा वर्षाचा वाटा १५,००० रुपये होतो. इंटरनेटचे १२,०००, वीज आणि बॅटरीचे ९,०००, प्रवास आणि प्रशिक्षणाचे १४,००० आणि विम्याचे १०,००० रुपये धरले, म्हणजे व्यवसायाचा खर्च ६०,००० रुपये झाला. एकूण गरज ३,००,००० रुपयांची झाली. स्वतंत्र व्यावसायिकाला भरपगारी रजा नसते, भविष्य निर्वाह निधी नसतो आणि काही महिने काम मिळत नाही. त्यासाठी आणखी ३०,००० रुपयांची तरतूद केली, तर वर्षाला ३,३०,००० रुपये मिळाले पाहिजेत.

आता वेळ पाहू. वर्षातले ५२ रविवार आणि सण, आजारपण, शेतीची निकड यांचे सुमारे ३३ दिवस वजा केले, तर २८० दिवस उरतात. दिवसाला आठ तासांप्रमाणे हे २,२४० तास होतात. नवखा व्यावसायिक याच आकड्याने भागतो आणि तासाला सुमारे १४७ रुपये हा आपला दर समजतो. येथेच चूक होते. ग्राहक शोधणे, दरपत्रके देणे, ये-जा करणे, नवे तंत्र शिकणे आणि थकलेल्या देयकासाठी खेपा घालणे यांत निम्मा वेळ जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. ज्यांचे पैसे मिळतात असे तास १,१०० धरले, तर दर तासाला ३०० रुपये पडतो. पहिल्या दराच्या तो दुपटीहून अधिक आहे. तरीही त्यात चैनीसाठी काही धरलेले नाही.

एका शाळेचे संकेतस्थळ

समजा, तालुक्यातील एखाद्या शाळेला संकेतस्थळ हवे आहे. चर्चा आणि माहितीची जुळवाजुळव यांस १० तास, मांडणीस १४, प्रत्यक्ष उभारणीस २०, मराठी मजकुरास १६, भ्रमणध्वनीवर तपासणी व दुरुस्तीस ८ आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्यास ४ तास लागतील. हे ७२ तास झाले. अनपेक्षित अडचणींसाठी १२ तास राखून ठेवले, तर एकूण ८४ तास, म्हणजे २५,२०० रुपये होतात. डोमेनचे नाव आणि होस्टिंग यांचे शुल्क यापासून वेगळे असून ते प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे घ्यावे.

यात मराठी मजकुरासाठी धरलेले १६ तास पुष्कळांना खटकतील. परंतु शाळांचे जुने अहवाल अनेकदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेले असतात. ते जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले, तर वाचकाला निरर्थक अक्षरे दिसतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते आणि तसे केल्यावरही जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या एकेक करून तपासाव्या लागतात. हे काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून अंदाजात धरले जात नाही आणि मग ते रात्री जागून फुकट करावे लागते.

हेच काम पाच हजार रुपयांत पत्करले, तर तासाला साठ रुपयांहूनही कमी पदरात पडतात. वरील उदाहरणात व्यवसायाचा खर्चच तासाला सुमारे ५५ रुपये येतो. घरात जातात ते तासाला पाच रुपये. अशा स्थितीत वर्षभरात तो तरुण दुसरी नोकरी शोधतो, त्याचा दूरध्वनी लागेनासा होतो, डोमेनचे नूतनीकरण राहून जाते आणि शाळेचे संकेतस्थळ एके दिवशी नाहीसे होते. मग शाळेला तेच काम दुसऱ्याकडून नव्याने करून घ्यावे लागते. स्वस्तातील काम असे महाग पडते.

ठोक, तासाप्रमाणे आणि सालाने

काम स्पष्ट असेल तेथे ठोक रक्कम दोघांनाही सोयीची असते. मात्र किती पाने, किती छायाचित्रे आणि किती वेळा फेरबदल, हे आधी ठरलेले असावे. कामाचा आवाका सांगता येत नसेल, उदाहरणार्थ दुसऱ्याने अर्धवट सोडलेले संकेतस्थळ दुरुस्त करायचे असेल, तेथे तासाप्रमाणे दर योग्य ठरतो.

देखभालीसाठी सालाने ठरवलेली रक्कम उत्तम. ही कल्पना ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ मधील ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीत सुतार-लोहारांना प्रत्येक कामागणिक पैसे मिळत नसत. वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीला धान्याचा वाटा मिळे. त्या पद्धतीत कारागिराला काम नाकारण्याची वा मोबदला वाढवून मागण्याची मोकळीक फारशी नव्हती आणि व्यवसाय जातीने बांधलेला होता. हे दोष टाळून वर्षभराच्या सेवेचे तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. नूतनीकरण, सुरक्षिततेची काळजी, माहितीची राखीव प्रत आणि महिन्याला ठरावीक तासांचे बदल, एवढे त्यात असावे.

लेखी करार आणि कायद्याचे साहाय्य

तोंडी व्यवहार हे बहुतेक वादांचे मूळ होय. एका पानाचा लेखी करारही पुरेसा असतो. त्यात कामाची यादी, मुदत, फेरबदलांची मर्यादा आणि रकमेचे हप्ते नमूद करावेत. काम सुरू करताना काही रक्कम आगाऊ, मांडणी मान्य झाल्यावर दुसरा हप्ता आणि काम सोपवताना उरलेली रक्कम, ही विभागणी न्याय्य ठरते. स्वामित्वहक्काचाही उल्लेख हवा. स्वतंत्र व्यावसायिकाने निर्माण केलेल्या आज्ञावलीचा हक्क केवळ पैसे दिल्याने नेहमीच ग्राहकाकडे जातो असे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते.

देयक थकण्याच्या बाबतीत सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ महत्त्वाचा आहे. सूक्ष्म व लघु उपक्रमाने दिलेल्या सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत मिळाले पाहिजेत आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. यासाठी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनाशुल्क करता येते. काम पत्करण्यापूर्वीच ती केलेली बरी. सेवांच्या बाबतीत वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यावर आवश्यक होते. त्यामुळे लहान व्यावसायिकाने त्या धास्तीने पावती देण्याचे टाळू नये.

काम देणाऱ्यांची जबाबदारी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. राज्यात जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमातही संकेतस्थळांच्या अद्ययावततेवर भर होता. अशा वेळी ‘सर्वांत कमी दर’ हा एकच निकष लावणे हिताचे नाही. दरपत्रके मागवताना प्रथम कामाची यादी स्वतः लिहून काढावी, म्हणजे सर्वांचे दर एकाच कामासाठी येतात आणि त्यांची तुलना करता येते. डोमेनची नोंदणी संस्थेच्याच नावे असावी. संकेतशब्दांची प्रत कार्यालयात मोहोरबंद ठेवावी. दृष्टिहीन व्यक्तींनाही माहिती मिळावी, यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घ्यावा. ही तत्त्वे प्रथम २००९ मध्ये तयार झाली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी करावी.

जाफराबादचा तरुण आज पुण्याचे वा परदेशाचे काम घरी बसून करू शकतो. त्याने गावच्या शाळेचे आणि पंचायतीचेही काम करावे, अशी अपेक्षा असेल, तर त्या कामावर त्याचा संसार चालला पाहिजे. त्याने आपले तास प्रामाणिकपणे मांडावेत आणि काम देणाऱ्याने ते समजून घेऊन पैसे वेळेवर द्यावेत. एवढे झाले, म्हणजे संकेतस्थळही टिकेल आणि ते करणारे हातही गावात राहतील.