बिनझाडांच्या मुलखातला पक्षी

टिटवीची अंडी तुम्ही पाहिली असतील. नांगरलेल्या रानात, ढेकळांच्या मध्ये ती उघडीच पडलेली असतात. टिटवी झाडावर घर करीत नाही. चंडोलही करीत नाही. पण झाडे तिथे जवळपास असतात. आज ज्या पक्ष्याची हकीकत सांगणार आहे, त्याला झाड हवे म्हटले तरी मिळायचे नाही. तो जिथे पिले वाढवतो त्या मुलखात झाडच नाही.

हा मुलूख पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे आहे. त्याला टुंड्रा म्हणतात. रशियाची उत्तर बाजू, नॉर्वे-स्वीडनचा वरचा भाग, ग्रीनलंड, कॅनडा आणि अमेरिकेचे अलास्का राज्य, एवढ्यांच्या डोक्यावर टोपीसारखा हा पट्टा पसरलेला आहे. वर्षातला बहुतेक काळ तिथे बर्फ असतो. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, जमीन वरवर मोकळी होते. पण थोडे खोल खणा, कुदळ खणकन वाजेल. खालची माती दगडासारखी गोठलेली असते आणि उन्हाळ्यातही ती तशीच राहते. मग झाडाने मूळ घालायचे कुठे? पाणीही खाली मुरत नाही. जागोजाग डबकी साचतात. डबकी आली की डास आलेच. माणसाचा आणि जनावरांचा ते जीव नकोसा करतात. आपल्या पक्ष्याला मात्र त्या किड्यांचाच आधार आहे.

या पक्ष्याचे इंग्रजी नाव लॅपलंड लाँगस्पर. लॅपलंड हा युरोपच्या उत्तरेचा प्रदेश. लिनिअस नावाच्या स्वीडनच्या पंडिताने १७५८ साली त्याचे शास्त्रातले नाव त्याच प्रदेशावरून ठेवले. लाँगस्पर म्हणजे लांब नखाचा. त्याच्या मागच्या बोटाचे नख चांगले लांब असते. आपल्या चंडोलाचेही असते, पाहा कधी नीट. जमिनीवर चालणाऱ्या पक्ष्याला ते सोयीचे पडते. आपण याला लांबनख्या म्हणू. ग्रीनलंडचे लोक त्याला नार्सार्मिउताक म्हणतात. त्याचा अर्थ मैदानात राहणारा. मला तर हेच नाव जास्त पटते.

आकार चिमणीएवढा. वजन २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने सव्वादोन-अडीच तोळे. हिवाळ्यात नर भुरकट दिसतो. त्याच्या काळ्या पिसांची टोके भुरकट असतात. ती झिजत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आतला रंग उघडा पडतो. तोंड, गळा, छाती काळी कुळकुळीत, मान तांबूस, चोच पिवळी. मादी मात्र गवतासारखी तपकिरी, रेघारेघांची. अंड्यांवर तिलाच बसायचे असते. ती दिसून कसे चालेल?

मे महिना संपत येतो तेव्हा हे पक्षी टुंड्रावर पोचतात. आधी नर येतात, मागून माद्या. नर आपली जागा धरतो. इतर पक्षी शेंड्यावर बसून गातात. इथे शेंडा कुठला? म्हणून हा गडी सरळ आभाळात चढतो आणि पंख पसरून, गात गात, तरंगत खाली येतो. चंडोलाची तऱ्हा जवळजवळ अशीच असते.

घर करते मादी. गवताच्या झुपक्याच्या आडोशाला ती एक खळगा पाहते. त्यात वाळल्या गवताची वाटी करते. आत बर्फाळ भागातल्या तित्तिरासारख्या पक्ष्यांची पडलेली पिसे अंथरते, कधी जनावरांचे केस. खाली गोठलेली जमीन असते ना, अंड्यांना गारठा लागू नये. अंडी बहुधा पाच. रोज एक. मादी ती सुमारे बारा दिवस उबवते.

एकदा रात्रीच्या वर्गात मी सांगितले की या मुलखात उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. अलास्काच्या टोकाला एक गाव आहे. २०१६ सालापर्यंत त्याचे नाव बॅरो होते, आता उट्कियाग्विक आहे. तिथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट लागेपर्यंत सूर्य थोडा वर नाहीतर कडेला, पण आभाळात असतोच. तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "गुरुजी, मग ती पाखरं निजतात तरी कवा?" प्रश्न खरा होता. पाहणाऱ्यांनी ते पाहून ठेवले आहे. मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य खाली येतो, हवा गार होते, किडे गप्प होतात. तेव्हा काही तास लांबनख्याही स्वस्थ बसतो. घड्याळ नसताना त्याला वेळ कळते.

पिले निघाली की मात्र उसंत नाही. आईबाप दोघेही दिवसभर किडे आणतात. खुद्द ते धान्य-बी खाणारे, पण पिलांना मऊ किडाच लागतो. टुंड्रावर किड्यांचा सुकाळ थोडे आठवडेच असतो. पिलांची भूक नेमकी त्याच आठवड्यांत पडली पाहिजे. पेरणीचा वाफसा साधण्यासारखेच आहे हे. जूनमध्येच मोठे बर्फ पडले तर कित्येकांची वीण वाया जाते.

आता गंमत बघा. पिले आठ-नऊ दिवसांची झाली की घरटे सोडतात. उडता अजून येत नाही. नुसती तुरुतुरु पळतात आणि गवतात दडतात. तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला? कोल्हा, मुंगसासारखे दिसणारे वीझल आणि स्कुआ नावाचे दांडगे समुद्रपक्षी घरटी हुडकत फिरत असतात. पाचही पिले एका वाटीत असली तर एका घासात संसार संपला. पांगली तर एखादे सापडेल, बाकीची वाचतील. आईबापही वाटणी करतात. काही पिले आईकडे, काही बापाकडे. ज्याने त्याने आपल्या वाट्याची भरवायची. पुढे थोड्या दिवसांत पिले उडू लागतात.

ऑगस्ट-सप्टेंबरात थंडी परत येते. मग थवे दक्षिणेला निघतात. अलास्का-कॅनडाचे बरेच पक्षी अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात जातात. कापलेल्या शेतांत सांडलेले धान्य आणि गवताचे बी टिपतात. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीवर भारीट उतरतात ना, तसे. थवे कधी कधी लाखांचे असतात.

परतीची वाट ते लवकर धरतात आणि रात्री उडतात. तिथेच घात होतो.

१३ मार्च १९०४ची रात्र. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याचा नैर्ऋत्य भाग आणि शेजारच्या आयोवा राज्याचा वायव्य भाग. थवे उत्तरेकडे चालले होते. वाटेत ओला, जड बर्फ पडू लागला. पक्ष्यांना दिशा कळेना. गावांतले दिवे तेवढे दिसत होते. ते दिव्यांकडे वळले आणि घरांवर, तारांवर, जमिनीवर आपटले. सकाळी रस्त्यांत, छपरांवर, गोठलेल्या तळ्यांवर मेलेली पाखरेच पाखरे.

टॉमस रॉबर्ट्स नावाच्या डॉक्टरांनी या प्रकाराची चौकशी केली. वर्दिंग्टन गावाजवळच्या दोन तळ्यांच्या बर्फावर चौकोन मोजून घेतले, त्यांतले पक्षी मोजले आणि त्यावरून सगळ्या तळ्यांचा हिशेब केला. साडेसात लाख! सगळ्या भागाचा अंदाज १५ लाखांचा निघाला. चौरसाचे हेच गणित मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतले. त्याने कुणी मेलेली पाखरे मोजली असतील, हे मनातही आले नव्हते. उपासाने किंवा गारठ्याने ती मेली नव्हती. हाडे मोडली होती, डोकी फुटली होती.

असे पुन्हाही घडले. २२ जानेवारी १९९८ला कॅन्सस राज्यात धुके आणि बर्फ असलेल्या रात्री दिवे लावलेल्या एका उंच मनोऱ्यापाशी पाच ते दहा हजार लांबनखे मेले. वादळ कुणाच्या हातात नाही. दिवा मात्र माणसाने लावलेला असतो. म्हणून शिकागोसारख्या काही शहरांत आता पक्ष्यांच्या प्रवासाच्या दिवसांत उंच इमारतींचे दिवे रात्री मालवतात.

लांबनखे आजही कोट्यवधी आहेत. मार्च लागला की त्यांचे थवे पुन्हा उत्तरेकडे निघतात.