फाइन भरला, तरी बाकी कशी?

मागच्या सेमला लायब्ररीचं नो ड्यूज आणायला गेले, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "४२ रुपये बाकी आहेत." मी उडालेच! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पुस्तकाचा ६० रुपये फाइन मी महिन्यापूर्वीच भरला होता, तोही याच काउंटरवर. पावती अर्थातच हरवलेली. मी तावातावाने म्हणाले, "काका, तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय!" काकांनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवला.

आपल्या लायब्ररीत 'कोहा' हे सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररी ट्रस्टसाठी ते तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झालं. 'कोहा' हा माओरी शब्द, अर्थ भेट. नावाप्रमाणेच ते ओपन सोर्स आहे, म्हणून भारतातल्या खूप कॉलेजांत ते दिसतं.

कोहात प्रत्येक मेंबरच्या नावाखाली 'अकाऊंटिंग' असा टॅब असतो. त्यात आपला सगळा हिशोब ओळी-ओळींनी मांडलेला असतो. फाइन लागला की एक ओळ, पैसे भरले की वेगळी ओळ, आणि भरलेली रक्कम वजा चिन्हाने दिसते. प्रत्येक ओळीत दोन आकडे बघायचे: 'अमाउंट' म्हणजे मुळात किती लागले, आणि 'आउटस्टँडिंग' म्हणजे त्यातले अजून किती बाकी. आपण सगळे फक्त खालची टोटल बघतो आणि तिथेच फसतो.

माझ्या अकाऊंटला वर एक जुनी ओळ होती. फर्स्ट इयरला ग्राफिक्सचं पुस्तक मैत्रिणीच्या हातून उशिरा परत केलं होतं, त्याचा फाइन ४२ रुपये. मी साफ विसरले होते. ठरावीक मर्यादेपेक्षा बाकी जास्त झाली की कोहा पुस्तक इश्यू करताना अडवतं. आमच्याकडे ती मर्यादा ५० रुपये, त्यामुळे ४२ वर कोणी अडवलंच नाही.

मग दुसरा फाइन लागला ६० रुपये. एकूण बाकी १०२. मी ६० रुपये टेकवले आणि पळाले. आता गंमत बघा. कुठल्या ओळीचे पैसे ते निवडलं नाही आणि नुसती रक्कम भरली, तर कोहा आधी सगळ्यात जुनी बाकी फेडतं. म्हणजे ४२ ग्राफिक्सला गेले, उरलेले १८ दुसऱ्या पुस्तकाला. म्हणून त्या ओळीत अमाउंट ६०, आउटस्टँडिंग ४२! माझा एक रुपयाही हरवला नव्हता.

तेव्हा आपला हिशोब तपासताना एवढं बघा. फेडलेल्या ओळी लपवायची सोय स्क्रीनवर असते. जुना इतिहास हवा असेल तर सगळ्या ओळी दाखवायला सांगा. आपण पैसे भरले ती तारीख शोधा. ती ओळच नसेल, तर खरंच विचारायला हवं, कदाचित पैसे दुसऱ्याच कोणाच्या नावावर पडले असतील. पेमेंटच्या ओळीत आउटस्टँडिंग शून्य नसेल, तर तेवढे पैसे अजून कुठल्या फाइनला लागलेले नाहीत. पुस्तक अजून आपल्याकडेच असेल, तर फाइन रोज वाढत असतो, म्हणून कालचा आणि आजचा आकडा जुळणार नाही. लायब्ररीने सोय चालू ठेवली असेल, तर आपल्या लॉगिनने घरबसल्या हे पान बघता येतं.

मी ४२ रुपये भरले, काकांना सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "पावती सांभाळ आता." सांभाळली आहे, कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये. तुम्हीही नो ड्यूजच्या रांगेत उभं राहण्याआधी एकदा आपलं अकाऊंट उघडून बघा. तिथे भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं!